ऑरिनचं जुनं कोल्ट

विल्डा ह्रुस्काचा सगळा जन्म शाळेची बस हाकण्यात गेला. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पूर्व भागात गव्हाचं रान संपता संपत नाही आणि वारा माणसाची टोपी उडवून पार शेजाऱ्याच्या कुंपणाला अडकवतो. तिथं तिनं बर्फाचिखलातून गावची पोरं नेली-आणली. नवऱ्यानं काडीमोड घेतला तेव्हा ती रडली नाही. बस घसरून नाल्यात उतरली तेव्हा पोरांना शिव्या घालत तिनं एकेकाला बाहेर काढलं. बाई कशाला भीत नाही, असं गाव समजून होतं.

तिला नाद एकच, रिव्हॉल्व्हरचा. शनिवारी खडीच्या खाणीत तिच्यासारखीच नादिष्ट टाळकी जमायची, रिकाम्या डब्यांवर नेम धरायची, आणि मग कॉफी पिता पिता कुणाचं हत्यार झ्याक यावर भांडायची. रूडी शिंप्लरचं न गंजणारं, चकचकीत. "पुसायला नगं, लाड करायला नगं," तो म्हणायचा, "बायकू अशी गावली असती तर!" विल्डाचं बारकं, पॉइंट बावीसच्या गोळीचं. ते हाताला हिसका देत नाही, कानठळ्या बसवत नाही. शिवाय तिच्या आईनं त्याच रिव्हॉल्व्हरनं कोंबड्यांच्या खुराड्यातले साप टिपले होते.

ऑरिन टस्कचं मात्र जुनं कोल्ट. ते त्याच्या बापाचं. बाप घोड्यावरून कुंपणं राखायचा. पोलादावरची निळी झाक पार उडालेली, मुठीवर म्हाताऱ्याच्या तळव्याचा खळगा पडलेला. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागं ओढला की त्यातून चार टिचक्या निघायच्या आणि ऑरिन डोळे मिटून त्या ऐकायचा. "नवी मुकी असत्यात," तो म्हणायचा. "हे आधी सांगतं, मग उडतं."

या मंडळींत एक रिवाज कडक होता. चारचौघांत रिव्हॉल्व्हर ठेवायचं ते रिकामं करून. ऑरिनच्या कोल्टला चक्रीमागं काडतूस घालायचं एक बारकं कवाड होतं. ते उघडून, चक्री फिरवून, सगळी भोकं रिकामी दाखवल्याशिवाय तो ते खाली ठेवायचा नाही. एका नवख्यानं आपलं हत्यार तसंच ठेवलं, तर ऑरिननं त्याला खाणीतून हाकलून लावलं होतं.

वसंतात ऑरिनची बायको इर्मा गेली. तो खाणीकडं फिरकेना. माणसाला वेळ लागतो, म्हणून कुणी टोचलं नाही. मग एका दुपारी खानावळीत रूडी खुशीत येऊन बसला.

"ऑरिननं काडतुसं भरायचं यंत्र दिलं मला. फुकट! खोगीर भाच्याला दिलं. कुत्राबी दिला."

विल्डाच्या हातातला घास हातातच राहिला. "कुत्रा दिला?"

"म्हणला, म्हातारपणी कोण सांभाळणार..."

पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही.

कच्च्या रस्त्यानं तिनं गाडी हाणली. ऑरिनच्या घरासमोर उतरली आणि कानोसा घेतला. आत काहीच हालचाल नव्हती. पायऱ्या चढली. दार ढकललं.

ऑरिन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. जिता होता. समोर कोल्ट होतं, आणि त्यावर त्याचा हात. कवाड मिटलेलं. चक्रीमागच्या फटीतून काडतुसांच्या पितळी कडा दिसत होत्या.

विल्डानं मागं दार ओढून घेतलं.

"कशाला आलीस गं?"

"कॉफी प्यायला."

"शिळी हाय."

"चालंल." ती खुर्ची ओढून बसली. "ऑरिन्या, शनिवारी नवी पोरं येणार हायेत. तुझं कोल्ट दे की दाखवायला."

"तुला खोटं बोलायला कवा जमलंय, विल्डे?"

"न्हाई जमत. भ्यालेय मी. कापडं ओली होतील इतकी भ्यालेय. नीट सांग मला. जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?"

खिडकीची काच वाऱ्यानं थरथरत होती. ऑरिन तिच्याकडं बघेना.

"सकाळधरनं बसलोय हितं," तो म्हणाला. "घोडा ओढायचा, परत सोडायचा. दुसरं काय सुचंना."

"हात उचल."

"बापाचं हाय ते."

"बापाचंच ऱ्हाईल. माझ्या कपाटात ऱ्हाईल. तुला बरं वाटलं की घेऊन जा. हात उचल, ऑरिन."

त्यानं हात उचलला.

विल्डानं कोल्ट घेतलं. आजवर शेकडो वेळा उघडलेलं ते कवाड आज बोटांना सापडेना. एक काडतूस निसटून चुलीखाली घरंगळलं.

"नळी भिताडाकडं धर, बये! आता तू मारतीस का मला?"

"गप बस!" ती ओरडली. तरी तिला हसू आलं.

"आतल्या खोलीत बाकीची हत्यारं हायेत," तो खाली बघत म्हणाला. "तीबी ने."

तिनं सगळी रिकामी केली, गोधडीत गुंडाळून गाडीत टाकली, वर कुलूप घातलं. परत येऊन म्हणाली, "तूबी चल. आधी डॉक्टरकडं, मग माझ्या घरी."

"मी न्हाई येत."

"मग मीच हितं ऱ्हाते आणि रांधते. माझ्या हातचं जेवण ठावं हाय न्हवं तुला?"

"कोट घेऊन येतो," ऑरिन पुटपुटला आणि आत गेला.

विल्डा दारात उभी राहिली. कोट घ्यायला एवढा वेळ? सगळीच दिली ना त्यानं? उशाखाली एखादं असलं तर? आतून फळी करकरली आणि मग तेही बंद झालं. ती धावत आत शिरली. खुंटीला अडकवलेल्या इर्माच्या कोटासमोर ऑरिन आपला कोट घालून उभा होता. बटणं लावायला बघत होता, पण एकही लागत नव्हतं.

"सरक," ती म्हणाली आणि खालून वर एकेक बटण लावत गेली.

"गळ्यापत्तर नको. गुदमरतंय."

तिनं वरचं बटण सोडलं, त्याचा दंड घट्ट धरला, आणि गाडीत बसवेपर्यंत सोडला नाही.