शिर्केताई आणि मी खोडलेली ओळ

शिर्केताई आज सकाळी गेल्या. माझी एक चूक स्वतःच्या नावावर घेऊन गेल्या.

अकरा वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

रावपुऱ्यातलं आमचं कॅन्सरचं क्लिनिक ज्यांनी पाहिलंय, त्यांना ताई माहीत आहेतच. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या हेडनर्स. राहायला पाणीगेटला. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे, आणि आवाज ऐकला की पटायचं.

पेशंटना त्या अर्ध्या मराठीत, अर्ध्या गुजरातीत झापायच्या.
"काय हो बेन, जेवून आलात ना? खोटु नई बोलवानु हं!"

मी तेव्हा नवी कोऑर्डिनेटर. ऑपरेशन एका हॉस्पिटलात, रेडिएशन दुसरीकडे, किमो आमच्याकडे. पेशंटचे सगळे कागद एका फाईलीत आणायचे आणि पुढची तारीख चुकू द्यायची नाही, हे माझं काम.

त्या वर्षी डॉक्टरसाहेबांनी अक्रेडिटेशनचं मनावर घेतलं. बाहेरची कमिटी येऊन बघणार. तुमचे डॉक्टर एकमेकांशी बोलतात का? पेशंटला नीट समजावता का? सही त्याची स्वतःची आहे का? पास झालो तर मान्यता.

"फाईल एकदम चकाचक जोईए," साहेब म्हणाले.

आता ताईंची एक पद्धत होती. प्रत्येक फाईलच्या आतल्या बाजूला त्या पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायच्या. सुई डाव्या हाताला मिळते. सून सोबत येते, तिच्याशी बोला. असलं काय काय.

मला ते गबाळं वाटलं.
दोन दिवस बसून मी सगळं खोडून काढलं. ताईंना न विचारता. वर स्वतःवर खूश!

तिसऱ्या दिवशी तरसालीच्या एक बाई आल्या. गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका. गाठीचं ऑपरेशन होऊन गेलेलं, किमोचा पहिला दिवस. त्यांचे यजमान औषधं आणायला खाली गेले होते. मी हसत हसत नवा संमतीचा फॉर्म त्यांच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा लावला. वाचलं.
"कॅन्सर? कुणाला?"

त्यांच्या फाईलवर पेन्सिलीची ओळ होती. "बाईंना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. मुलाची विनंती."
ती ओळ मी खोडली होती.

बाई उठल्या, पर्स घेतली आणि जिना उतरून गेल्या. किमो न घेता.

आपल्याकडे हे घरोघरी चालायचं. सगळ्या घराला माहीत, फक्त पेशंटला नाही. आणि आम्हीही त्यात सामील. क्लिनिकच्या पाटीवरसुद्धा तो शब्द नव्हता.

मी ताईंना रडत रडत सगळं सांगितलं.
"अगं गधडे, विचारायला तोंड नव्हतं का तुला?" एवढं बोलल्या. मग म्हणाल्या, "किमो लांबला तर त्या बाईचं नुकसान आहे. बस स्कूटरवर."

तरसालीला त्यांच्या बिल्डिंगखाली ताईंनी मला थांबवलं. "तू वर येऊ नकोस."

दीड तास मी उन्हात उभी. एकच विचार. ही बाई परत आली नाही आणि तिला काही झालं, तर ते माझ्यामुळे.

ताई खाली आल्या, घाम पुसला. "चल, भूक लागलीय." रस्त्यात सेवउसळ खाऊ घातली. वर काय झालं ते सांगितलं नाही. मीही विचारायला घाबरले.

दोन दिवस बाई आल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी आल्या. हातात वही, वहीत प्रश्न. साहेबांना एकेक विचारून घेतला, मग स्वतः सही केली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढे कमिटी आली. त्यातल्या एकांनी विचारलं, "तुमच्याकडे कधी चूक झालीय का?"
साहेबांनी आम्हाला आधीच पढवलं होतं, "नाही" म्हणायचं.
ताई म्हणाल्या, "झाली ना. माझ्याकडून." आणि सगळं सांगितलं. माझं नाव सोडून.

मी शेजारीच बसले होते. गप्प.

मान्यता मिळाली. पेढे वाटले. फाईलचं पहिलं पानही बदललं. तुम्हाला किती माहिती हवी, घरात कुणाला सांगू, हे आधी पेशंटलाच विचारायचं. ते पान ताईंनी लिहिलं.

आज पाणीगेटला ताईंना शेवटचं बघायला गेले, तर तिथे त्या बाई. सत्तरीच्या पुढच्या, काठी टेकत आलेल्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "बाई, ती ओळ मी खोडली होती. ताईंनी नाही."

"माहीत आहे," म्हणाल्या. "त्या दिवशी मी ताईंना स्पष्ट सांगितलं होतं, येईन मी, पण आधी त्या मुलीला कामावरून काढा."

मी हात काढून घ्यायला लागले, बाईंनी सोडला नाही.

"ताई म्हणाल्या, काढायचं तर मला काढा. तुमच्यापासून लपवण्यात मी होते. त्या पोरीनं नुसती ओळ खोडली. ती खाली उन्हात रडत उभी आहे. जिला एवढं लागतं, तीच या कामात राहिली पाहिजे."

ताई, मी अजून त्याच खुर्चीवर आहे.
आणि तेव्हा गप्प बसले, त्याची माफी मागायची राहून गेली. आज सगळ्यांसमोर मागते.

शांतपणे जा, ताई. तुमच्या पोरीचा नमस्कार.