निळ्या शाईची रेघ

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर राहायचं म्हणजे पावसाळ्यात एकदा तरी पाण्यात उभं राहायचं, हे लग्न होऊन आले त्याच वर्षी मला कळलं. मागे नाला, नाल्याला भरतीचं पाणी तुंबलं की ते वळून आमच्याकडे. वरच्या मजल्यावरचे खिडकीतून बघायचे, आम्ही भांडी डोक्यावर घेऊन जिन्यात बसायचो. आमच्या सासूबाईंचे दोन्ही पाय गेलेले. त्यांना खुर्चीसकट चौघींनी उचलून वर न्यायचं. एकदा जिन्यात माझा पाय सरकला आणि खुर्ची कलंडली. त्या पडल्या नाहीत, पण तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी आधी जिना कोरडा पुसून घ्यायची.

पाणी ओसरलं की मी कोळशाने बाहेरच्या भिंतीवर रेघ ओढायची आणि शेजारी साल लिहायची. अक्षरं मी पुड्यांच्या कागदांवरून शिकले होते, आकडे रॉकेलच्या रांगेत. भिंतीवर पाच-सहा वर्षांच्या रेघा झाल्या होत्या, एकीवर एक.

आणि त्या मीच पुसल्या, बरं का. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती. मोर्चाच्या आदल्या दिवशी चाळीच्या भिंतीवर गेरूने घोषणा लिहायच्या ठरल्या. काळपट भिंतीवर गेरू उठत नाही, आधी पांढरं करायला पाहिजे. आम्ही बायकांनी चुना कालवला आणि वरपासून खालपर्यंत दोन हात मारले. माझ्या हातात कुंचला होता. रेघा दिसत होत्या मला. म्हटलं, राज्य मिळतंय, रेघांचं काय घेऊन बसलीस.

दिवाळी झाल्यावर, थंडीत, सरकारी खात्याचा एक मोजणीवाला आला. खांद्यावर तीन पायांची दुर्बीण, हातात गुंडाळलेला नकाशा. कुठे कुठे पुराचं पाणी चढतं ते निळ्या पेन्सिलीने दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. निळ्या रेघेच्या आत जे येईल, तिथल्या नाल्याला सरकार पैसे देणार. बाहेर राहील ते राहिलं.

त्याने आमची भिंत बघितली आणि नकाशा परत गुंडाळायला लागला.

"इथे पाण्याची खूणच नाही, बाई."

"होती. मीच पुसली."

"ती का?"

"घोषणा लिहायला."

तो हसला. वर गेरूची अक्षरं होतीच ठळक. म्हणाला, "मग तुमचं नवीन राज्य आलं की त्यालाच सांगा नाला रुंद करायला."

"सांगू की. तोवर जुन्या राज्याचा पगार घेताय ना, तेवढं मोजून जा."

समोरच्या खोलीतली हसली. तो नाही हसला. "बोलण्यावर रेघ मारता येत नाही," म्हणाला, "खूण दाखवा."

आत सासूबाई ऐकत होत्या. तिथूनच ओरडल्या, "अरे झिला, खाटीखालची पेटी बघ आदी. मगे शानपन शिकव."

पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस पाणी साचलं की ट्रंकेवर गंजाची रेघ धरते, आणि ट्रंकेला कोण चुना लावतो? मी खाटेखालची कापडं ओढून काढली. रेघ होती, तांबडी, सरळ.

"एक पेटी कुठूनही येईल," तो म्हणाला.

"मग सगळ्यांच्या बघा. आम्ही बाहेर आणत नाही, जिथे आहेत तिथेच मोजा. नाहीतर म्हणाल, मांडून ठेवल्या."

मग काय, सरकारचा माणूस प्रत्येक खोलीत ओणवा होऊन खाटेखाली शिरला. पँटीला धूळ, डोक्याला कोळिष्टकं. एकीने त्याला ट्रंकेला लागून ठेवलेलं लोणचं सांभाळायला सांगितलं. जमिनीपासून टेप धरायचा, वहीत लिहायचा, पुढच्या दारात जायचा. सगळीकडे सव्वा फूट. एकाच ट्रंकेवर रेघ नव्हती, ती नवी होती, आणि मालकिणीने ते आपण होऊन सांगितलं. मला वाटतं, तिथेच त्याचा विश्वास बसला.

परत आमच्याकडे आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्या खाटीक दोन विटा लावलंय. तरी मधी झोळ पडलो आसा, पानी पाठीक लागता. माझी पाठ मोजूची आसा?"

"नको, आजी," तो म्हणाला. त्याने नकाशा खाटेवरच पसरला आणि आमच्या चाळीभोवती निळी पेन्सिल फिरवली.

मी विचारलं, "पेन्सिल खोडता येते ना?"

"येते. शाई साहेब मारतात. त्यांना पटलं तर."

"कधी?"

"सोमवारी."

सोमवारी आम्ही नऊ जणी त्या कचेरीत गेलो. सासूबाईंना टॅक्सीत घातलं आणि खुर्ची टपावर बांधली. साहेबाने दारातूनच सांगितलं, नकाशा बायकांना दाखवायची वस्तू नाही, कळवू तुम्हाला. आम्ही व्हरांड्यात बसलो. मोर्चाने आम्हाला एवढं तर शिकवलंच होतं, की उठायची घाई आपल्याला नसते. शिपाई दोनदा उठवायला आला. दुसऱ्यांदा सासूबाई त्याला म्हणाल्या, "माझे पाय नाय रे. तू उचल." त्याने खुर्चीकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि निघून गेला.

चहाची वेळ टळून गेल्यावर साहेबाने आत बोलावलं. मोजणीवाला वही धरून उभा होता. साहेबाने त्याला विचारलं, "सगळ्या ट्रंका तू स्वतः बघितल्यास?" तो म्हणाला, "खाटेखाली जाऊन, सर." साहेबाने दौत पुढे ओढली आणि पेन्सिलीवरून टाक फिरवला.

सासूबाईंनी नकाशा मागितला. साहेबाने का कोण जाणे, दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. एवढासा ठिपका, त्याभोवती केसासारखी रेघ.

"हीच काय ती?" त्या म्हणाल्या. "बारीक आसा. परत काढ. जाड काढ."

साहेबाने टाक पुन्हा दौतीत बुडवला.