लूमच्या भिंतीला टेकलेला पियानो

आमच्या घरी पियानो आला तो कुणाच्या संगीतप्रेमामुळे नव्हे, तर मावशीच्या एका गैरसमजामुळे. मावशी ठाण्याच्या एका शाळेत पियानो शिकवायची. शाळेने नवा घेतला आणि जुना तिला देऊन टाकला. तो तिच्या दोन खोल्यांत मावेना आणि भिवंडीतल्या लोकांची घरं ऐसपैस असतात, अशी तिची पक्की समजूत होती. टेम्पो दाराशी लागला तेव्हा बाबा कोर्टात नोकरीवर होते, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं. संध्याकाळी ते आले, त्यांनी पियानोभोवती एक चक्कर मारली आणि वर छत्री ठेवली. स्वागत झालं.

पियानो ज्या भिंतीला लावला, तिच्या पलीकडे चाचांचा कापड विणायचा कारखाना होता. चाचा आमचे शेजारी, माणूस अगदी सज्जन. त्यांचे लूम मात्र दोन्ही शिफ्टमध्ये चालायचे. आमच्या घरात कुजबुज हा प्रकार कुणालाच येत नसे. आई देवालासुद्धा ओरडूनच मागायची. पियानोचे सूर जुळवायला मुंबईहून आलेला माणूस पाच मिनिटं कान लावून बसला, मग हत्यारं पिशवीत भरून म्हणाला, शुक्रवारी येतो. शुक्रवारी लूम बंद असतात, हे त्याला चहावाल्याने सांगितलं होतं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि वेळापत्रक केल्याशिवाय मला पाणीही गोड लागत नसे. शुक्रवारी मावशी मला शिकवायला यायची. ती शांतता नाजूक कामासाठी राखून ठेवली होती: परदेशी थोरांच्या रचना, हलका हात, मावशीचे उसासे. उरलेल्या दिवशी कॉलेजमधून आल्यावर मी स्वतःच्या रचना करायचे. थोरांना शांतता, मला खटखट, अशी न्याय्य वाटणी. ह्या नियोजनाचा मला इतका अभिमान होता की मी ते मैत्रिणींनाही करून द्यायला निघाले होते.

मग दादाचं लग्न ठरलं. वहिनीचं कपाट ठेवायला घरात एकच भिंत होती आणि तिच्याशी पियानो टेकला होता. मानकोलीला मामांच्या ओळखीचं एक गोदाम होतं, पियानो तिकडे जाईल असं ठरलं. गोदामातली ओल आणि उंदीर त्याचं काय करतील, हे मी बाबांना सविस्तर सांगितलं. बाबांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल दिला. मुंबईच्या एका संस्थेने नव्या लोकांकडून पियानोच्या रचना मागवल्या होत्या. माझी निवडली गेली तर पियानो राहील, नाहीतर कपाट येईल.

मी झपाट्याने रचना पूर्ण केली. मावशीने ती फक्त कागदावर पाहिली, कारण शुक्रवार तिने थोरांसाठी मागून घेतला होता. मध्येमध्ये बरीच मोकळी जागा दिसते, असं ती म्हणाली. मी म्हटलं, वाजवताना भरल्यासारखी वाटते.

परीक्षकांसमोर वाजवून दाखवायच्या दिवशी एसटी कशेळीला नेहमीप्रमाणे अडकली, तरी मावशी आणि मी वेळेवर पोचलो, कारण ते अडकणं मी आधीच धरलं होतं. एका गोष्टीचा हिशेब मात्र राहिला होता. त्या हॉलमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. मी सुरुवात केली, पहिल्या मोकळ्या जागेशी हात उचलले आणि थांबले. तिथे काहीतरी यायला हवं होतं, ते आलं नाही. तेव्हा मला कळलं की माझ्या रचनेचा अर्धा भाग चाचांच्या कारखान्यात राहिला आहे. ताल लूमचा, भरणा लूमचा. मी आपली मधूनमधून सूर टाकत होते. आता मनातल्या मनात खटखट मोजायची आणि पुढे जायचं, एवढाच मार्ग होता. पहिल्या रांगेत मावशी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, ती कपाट कुठे लावायचं ह्याचा विचार करत असावी.

वाजवून झाल्यावर तिघा परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मधले, रेशमी झब्बेवाले, पुढे वाकून म्हणाले, "ह्या शांततेत फार धाडस आहे. कुठून सुचली?"

गप्प बसले असते तर पियानो तिथेच वाचला असता. पण चुकीचा माल खपवणं मला कधीच जमलं नाही. "ती शांतता नाही," मी म्हटलं. "तिथे शेजारचा लूम असतो. मी घरी लूम चालू असतानाच वाजवते."

मावशीने डोळे उघडले.

झब्बेवाल्यांनी थोडा विचार केला. "ते आमच्यावर सोड," ते म्हणाले. "कार्यक्रमाच्या दिवशी हे कुणाला सांगत बसू नकोस."

निवड झाली. कार्यक्रमाची पत्रिका घरी आली, तिच्यात माझ्या रचनेबद्दल चार ओळी होत्या. छोट्या गावातली निवांत, निःशब्द दुपार तिच्यात उतरली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबांनी त्या आईला वाचून दाखवल्या. लूम ऐन भरात होते, त्यामुळे "निःशब्द" हा शब्द त्यांना तीनदा ओरडावा लागला. चाचा काय भानगड आहे ते बघायला आले. बाबांनी सगळी हकिकत सांगितल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "तो फिर बेटी, मेरा नाम भी छपना चाहिए था."

त्यांचं बरोबर होतं. पण तक्रार कुणाकडे करणार? संस्थेला लूम म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं असतं.

बाबांनी दिलेला शब्द पाळला. कपाट गॅलरीत गेलं आणि पियानो जागेवर राहिला. लग्नानंतर चार दिवसांनी वहिनी माझ्याकडे आली, पियानोवरून हात फिरवला आणि अदबीने विचारलं, "ताई, ह्याच्यावर इस्त्री केली तर चालेल का?"

मी म्हटलं, चालेल, पण खाली जाड चादर घाल आणि माझी वेळ सोडून कर. भिंतीवरच्या वेळापत्रकात तिच्यासाठी एक रकाना वाढवला.