निळा सोडलेला चार्ट

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. ती नववीत असताना, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा वाजता. करणारा मी.

आमची भिलाईतली सात-आठ पोरांची संघटना. सुपेल्याकडचा एक तलाव मलबा टाकून बुजवणं चाललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आमचं धरणं होतं. पोस्टरसाठी नवा कागद घ्यायचा नाही, हा आमचा शिरस्ता. जुनी कॅलेंडरं, खोके, जे कोरं दिसेल ते. घरी टेबलावर बहिणीचा समुद्राचा चार्ट होता. फिकट निळा, जवळजवळ रिकामा. फक्त एका कडेला हिरव्या ठिपक्यांची दाटी. त्यावर मी लाल रंगानं 'तालाब बचाओ' लिहिलं आणि चौकातल्या भिंतीला खळ लावून चिकटवून आलो.

परतलो तर ती दारातच.

"दादा, माहा चार्ट कुठी हाय?"

"लावला चौकात. कोराच तर होता. अन् भिलाईत समुद्र काढून तू काय मच्छी विकणार हायेस?"

"कोरा नव्हता," ती म्हणाली. "तिथं कोणी राहत नाई, हेच तर दाखवून राहिली होती मी."

मग तिनं समजावलं. रडून नाही, शिकवल्यासारखं. भर समुद्राचं वरचं पाणी बरंचसं उपाशी असतं. मेलेलं सगळं खाली बुडतं, त्याचं खत अंधारात पडून राहतं. पण काही किनाऱ्यांना, केरळजवळ पावसाळ्यात, वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो. त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी खत घेऊन वर येतं. उजेड मिळाला की सूक्ष्म वनस्पती फोफावतात; त्यांच्यामागे तारली, तारलीमागे मोठे मासे, पक्षी.

"म्हणून गर्दी एका पट्टीतच. बाकीचं निळं मुद्दाम सोडलं होतं."

ते ठिपके काढायला तिला चार संध्याकाळी लागल्या होत्या. प्रदर्शनात बाईंनी तिचं नाव यादीतून खोडलं. त्याच वेळी मी धरण्यावर भाषण करत होतो: लोकांची जागा रिकामी समजून बळकावणाऱ्यांविरुद्ध. टाळ्याही पडल्या.

त्या चार्टनं तिचं आयुष्य बिघडलं, असं मी म्हणणार नाही. ती कॉमर्सला गेली, बरी आहे. पण समुद्राचा विषय तिनं माझ्यापुढे पुन्हा काढला नाही. मीही विचारलं नाही. माफी तर अजून मागितलेली नाही, हे लिहितानाही नाही.

तुम्ही असं थांबू नका. घरातल्या कुणाचं काम न विचारता उचललं असेल, तर आज जा, त्याला ते काय होतं ते विचारा, शेवटपर्यंत ऐका आणि माफी मागा. कारणं देऊ नका.