लोलाचा लॉकडाऊन

इकडे परदेशात, क्वेकर्स हिलला मी जिच्या घरात भाड्याने राहायचे, ती मालकीण फिलिपिनो. तोंडाने फटकळ, पण वाढताना हात सढळ. माझं तिच्याशी जमायचं, कारण गोड बोलणं मलाही कुणी शिकवलेलं नाही. तिची आई ऐंशीच्या पुढची. तिला सगळे लोला म्हणायचे, म्हणजे आजी. पुढच्या खोलीत एक जपानी मुलगी होती, युनिव्हर्सिटीत शिकणारी.

लॉकडाऊन लागला आणि आम्ही चौघी एका छताखाली कोंडल्या गेलो. लोला आणि ती मुलगी रोज घराभोवती फेऱ्या मारायच्या. आत आल्या की दोघीही वाकून चपला फिरवून ठेवायच्या, टोकं दाराकडे. लोला जन्मभर तसंच करत आली होती. मालकिणीला ती म्हातारीची खोड वाटायची. एके दुपारी ती मुलगी कौतुकाने म्हणाली, "लोला, आमच्याकडे अशाच ठेवतात. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या बाबांनी. ते तुमच्यातलेच होते ना!"

अगं बाई! जे जन्मभर गिळून ठेवलं, ते चपला ठेवता ठेवता बोलून गेली. मालकीण तिथेच कांदा चिरत होती. तिची सुरी थांबली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लोलाचे वडील युद्धाआधी जपानहून फिलिपिन्समधल्या दवावच्या मळ्यांत कामाला आले, तिथल्याच बाईशी लग्न करून राहिले. मग युद्ध आलं. जपानी सैन्याने त्या देशात जे केलं, ते केलं. युद्ध संपल्यावर वडिलांना बोटीत घालून जपानला धाडलं. आईने आडनाव बदललं आणि पोरीला बजावलं, कुणापुढे तोंड उघडायचं नाही. पुढे लोलाने ज्याच्याशी लग्न केलं, त्याचे दोन्ही भाऊ जपानी सैनिकांनी मारले होते. त्या दिरांच्या फोटोपुढे दर वर्षी मेणबत्ती लावायची ती लोलाच.

मालकिणीने आठवड्याभरात त्या मुलीला घराबाहेर काढलं. भर लॉकडाऊनमध्ये! पोर बॅगा घेऊन फुटपाथवर उभी, आणि वर मालकिणीलाच वाकून थँक यू म्हणतेय. मला तिचाही राग आला. लोलाचं ताट तिच्या खोलीच्या दाराबाहेर जायला लागलं. मालकीण म्हणायची, "वय झालंय तिचं, कोविडमध्ये काळजी घ्यायला नको?" डोंबलाची काळजी! संध्याकाळी लोला दाराआडून विचारायची, "आज टेबलावर जेवू का गं?" की ही टीव्हीचा आवाज वाढवायची.

शेवटी मी भांडले. "तुझ्या आईने काय केलंय? पोर होती ती तेव्हा! आणि तुझ्या अंगात तेच रक्त आहे की!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "माझ्यातलं काढून कुठे टाकू? तिला तरी काढते."

आणि काढलंच. वृद्धांच्या एका होममध्ये जागा मिळवली. गाडीत बसताना लोलाने लेकीचा हात धरला. "लॉकडाऊन उठला की न्यायला येशील ना?"

"हो." हात सोडवून घेत ती म्हणाली.

लॉकडाऊन उठला. पहिल्याच आठवड्यात मालकीण केस रंगवून आली. घरात बार्बेक्यू झाला, ख्रिसमस झाला. मी विचारलं की म्हणायची, "बघू." मी ते घर सोडलं, आणि एका रविवारी मीच लोलाला भेटायला गेले.

तिथल्या नर्सने दाराशीच सांगितलं, "त्या रोज विचारतात, लॉकडाऊन संपला का. नाही म्हणायचं. मुलीने तसं सांगून ठेवलंय. त्यामुळे त्या शांत असतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सांगते आता सगळं. या बाईला एकदा तरी कुणी खरं सांगायला हवं.

लोला खिडकीपाशी बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर पर्स, निघायच्या तयारीत. मला बघून चेहरा फुलला. "अजून आहे का गं लॉकडाऊन? माझी मुलगी बिचारी तिकडे तळमळत असेल. तिला येऊच देत नाहीत."

माझ्यासारखी भांडकुदळ बाई, पण तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"हो लोला," मी म्हटलं. "अजून आहे."

तिने घाबरून दाराकडे पाहिलं. "मग तू कशाला आलीस वेडे? दंड करतील तुला. जा, कुणी बघायच्या आत घरी जा."