रेडिओवरचा तेलुगूचा तास

भूतबीत, अंगात येणं, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच करत आले. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण त्या तासाला वर्गात मी स्वतः होते...

नव्वदीची सुरुवात. आदिलाबादपासून आत, पैनगंगेच्या बाजूला मराठी माध्यमाचं हायस्कूल. तेलुगूचे सर बदलून गेले आणि त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मी मराठीची, लग्न होऊन तिकडे गेलेली — तेलुगूतलं मला ओ की ठो कळत नव्हतं! सोय एकच, रेडिओवर भाषेचे पाठ लागायचे. रेडिओतली बाई एक वाक्य म्हणून थांबायची, तेवढ्यात वर्गानं ते एका सुरात म्हणायचं. पोरांबरोबर मीही शिकत होते.

त्या दुपारी नववीचा वर्ग, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या छपराची जुनी खोली. पाठ भाजीबाजाराचा चालला होता. मध्येच खरखर झाली आणि बाईचा आवाज बदलला.

"लेवंडि. बयटिकि वेळ्ळंडि."

ती थांबली. पोरांनी म्हटलं, "लेवंडि, बयटिकि वेळ्ळंडि."

पुन्हा तेच. पुन्हा तेच... पाठ पुढे सरकेना. दर वेळी तिचा आवाज चढत होता, आणि चेव येऊन पोरंही आवाज चढवत होती. मला उगाच भीती वाटायला लागली.

मागे रुख्मा बसायची. तिची आई आदिलाबादच्या बाजारात भाजी विकायची, म्हणून पोरीला तेलुगू समजायचं. ती एकटीच गप्प.

"तू काऊन म्हणत नाहीस गं?"

"बाई, ते म्हणून राह्यली, उठा, बाहेर जा."

"अर्थ कोणी विचारला? म्हण आधी."

"मी नाई म्हनत, बाई. मी जाऊन राह्यली."

आणि चक्क निघाली! माझा पारा चढला. मी तरातरा तिच्यामागे अंगणात, आणि रुख्माला कशी बोलणी बसतात ते बघायला अख्खा वर्ग माझ्यामागे. मी तिचा दंड धरला, तोच पाठीमागे छप्पर खाली आलं.

आढं वाळवीनं पोखरलं होतं, हे मागाहून कळलं. धुरळ्यात मी वेड्यासारखी पोरं मोजत सुटले. सगळी होती. मी उन्हातच मटकन बसले आणि रडले.

तेव्हा ढिगाऱ्याखालून रेडिओ बोलला. "लेवंडि. बयटिकि वेळ्ळंडि." मग थांबला... आणि कवेलूंच्या खालून वर्गानं एका सुरात ते म्हटलं. माझाच वर्ग. एकेक आवाज मी ओळखत होते. अंगणातली पोरं चिडीचूप उभी होती.

रुख्मानं माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, त्याच्यात माहा बी आवाज हाय."

शेजारच्या गावच्या शाळेत त्या दिवशी तोच पाठ लागला होता. तिथे म्हणे भाजीबाजार शेवटपर्यंत नीट चालला. बॅटरी, रेडिओची लहर, मनाचे खेळ — लोकांनी मला सगळं सांगून पाहिलं. मला काहीच पटलेलं नाही. पुढे नोकरी संपेपर्यंत मी एकाही वर्गाकडून एका सुरात काही म्हणवून घेतलं नाही.