वाळवंटाची जीप आणि पिंजौरचा नाका

चंदीगडच्या स्टेशनावर उतरलो तर दारातच वाळूची पोती रचलेली आणि मागं बंदूकवाला शिपाई. त्यानं माझ्या फडक्यातल्या भाकरी एकेक उलगडून बघितल्या. भाकरीत काय बाँब असतो? पण पंजाबात तेव्हा खलिस्तानवाल्यांच्या दहशतीत रोज माणसं मरत होती, म्हणून भाकरी परत बांधून घेतल्या.

मी चौथी शिकलेला माणूस. साखर कारखान्याची जीप चालवण्यात हयात गेली. मुलगा दिलीप इथं डॉक्टर. बिकानेरच्या पुढं वाळवंटात काही दिवस तंबू ठोकून राहायचं त्याच्या डोक्यात बसलेलं, त्यासाठी जीप निवडायला त्यानं मला बोलावलं.

पिंजौरला गुरदेव सिंग मिस्त्रीचं गॅरेज. चाळिशीचा उंच सरदार. दोन जीपा दाखवल्या. एक रंगवून चकचकीत, दुसरी फौजेच्या लिलावातली, पत्रा पोचलेला. मी दोन्हींखाली आडवा झालो. चकचकीत गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जोड मारलेला.

"ही नेली तर अर्धी गाडी वाळवंटातच ठेवून यावी लागेल," मी म्हणालो.

गुरदेव हसला. "बाऊजी, ती वरून बघणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही खाली कशाला शिरलात?"

लिलावातली घेतली. रेडिएटर काढून धुतला, रुंद टायर चढवले, मागं पाण्याचे डबे, फावडं आणि रुतलेल्या चाकाखाली घालायला जाड फळ्या. दुपारी त्याच्या घरून मक्की दी रोटी (मक्याची भाकरी) आणि सरसों का साग (मोहरीच्या पाल्याची पातळ भाजी) यायची. वर लोण्याचा गोळा असा, की आमच्याकडं त्यात चारजण जेवतील.

दिलीपचं एकच म्हणणं, "अप्पा, गुरदेव येणार असेल तरच निघायचं." मला ते लागलं. पण वाळूतली गाडी मी कधी हाकली नव्हती, हेही खरं.

म्हणून चाचणीला गुरदेव आणि मी जवळच्या चो मध्ये (कोरड्या ओढ्यात) गेलो. जीप वाळूत बसली. टायरमधली हवा कमी केली, फळ्या घातल्या, निघाली. खुशीत चंदीगडकडं वळलो, तर रस्त्यावर पोलिसांचा नाका.

"ओए सरदार, उतर."

गुरदेव उतरला. हात वर करायला लावले, खिसे झाडले, पगडीसुद्धा चाचपली. मला म्हणाले, "तुस्सी बैठो, बाबाजी (तुम्ही बसा, बाबा)."

माझं डोकं फिरलं. जीप आमची, फळ्या आमच्या, फावडं आमचं, आणि हात वर याचे का? मी उतरलो, टोपी काढून बॉनेटवर ठेवली आणि गुरदेवशेजारी हात वर करून उभा राहिलो. "त्याची पगडी बघता, मग माझी टोपीही बघा."

हवालदार म्हणाला, "नाटक नको, बाबाजी." मी हललो नाही. मग साहेब आला. सगळं सामान रस्त्यावर ओतलं. गुरदेवला अंधार पडेपर्यंत चौकीत जमिनीवर बसवलं. मला खुर्ची आणि चहा दिला. त्या चहाला मी हात लावला नाही.

सुटल्यावर गुरदेवनं सामान परत चढवलं आणि स्टिअरिंगवर बसला. "बाऊजी, पाच मिनिटांचं काम होतं."

"अपमान करत होते तुझा."

"रोजच करतात. तुम्ही गावाला जाल. मला उद्या सकाळी याच नाक्यावरून जायचंय, आणि आता त्यांना माझं नाव पाठ झालंय." थांबून म्हणाला, "बिकानेरला मी येत नाही."

सकाळी बस धरून त्याच्याकडं गेलो. माफी मागितली नाही. कशाची मागायची? एवढंच सांगितलं, "तू नाहीस तर मीही जात नाही."

त्यानं हातातला नट पुसून डब्यात टाकला. "येतो. पण वाटेत कुठल्याही नाक्यावर तुम्ही उतरायचं नाही. बोलायचंही नाही. पक्कं?"

"पक्कं."

गेलो. तिघांनी वाळवंट बघितलं. जीप कुठं अडली नाही. काटक्यांच्या जाळावर गुरदेवनं डाळ केली, तशी पुन्हा खाल्ली नाही. पण जाताना, येताना, प्रत्येक नाक्यावर तो एकटाच उतरला, त्यानंच हात वर केले. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो आणि काचेतून त्याच्याकडंच बघायचो. नजर फिरवायची नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

गावात लोक विचारतात, वाळवंट कसं होतं, उंट बघितला का. सांगतो सगळं. दिलेला शब्द मी पाळला. पण गाडी आमची होती. तपासायचं तर मला तपासायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.